डाव्या बुटातला कोळी

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी थांबासाहेबांनी डावा बूट घालायला पाय उचलला आणि तो पाय तसाच हवेत राहिला. बुटाच्या तोंडाशी एक कोळी बसला होता. तपकिरी, केसाळ, आणि पाय पसरले तर बशी भरेल एवढा. त्याने थांबासाहेबांकडे पाहिलं, थांबासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि दोघांपैकी जो धीट होता तो सावकाश बुटात शिरला.

थांबासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते, आणि कुणीही काहीही करायला निघालं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द 'थांबा' असाच निघायचा. शिडीवर चढणारा थांबायचा, पत्रा कापणारा थांबायचा. एकदा तर कठड्याला हात न लावता जिना उतरणारे खुद्द मालक मधल्या पायरीवर थांबले होते. आगीला आणि विजेला हा माणूस कधी भ्यायला नाही. भ्यायचा तो फक्त कोळ्याला, आणि तेही लहानपणापासून, अगदी मनापासून. लग्न झाल्यापासून घरातलं हे खातं बायकोकडे होतं. कोळी दिसला की थांबासाहेब खुर्चीवर चढायचे आणि बायको झाडू घेऊन यायची. चौदा वर्षांच्या संसारात बाकी बरंच बदललं, पण या व्यवस्थेत खंड पडला नव्हता.

आज नेमकी बायको घरी नव्हती. ती शिक्षिका, आणि कसल्याशा प्रशिक्षणासाठी दोन दिवस परगावी गेली होती.

आणि आज नेमका कवायतीचा दिवस होता. वर्षातून एकदा कारखान्यात भोंगा वाजायचा आणि साडेतीनशे माणसांनी हातातलं काम टाकून फाटकाबाहेरच्या मैदानात जमायचं, अशी ती कवायत. बाहेरून परीक्षक यायचे आणि घड्याळ लावून बसायचे. नियमाने हे पाच मिनिटांत आटपायला हवं. दोन वर्षांपूर्वी नऊ लागली, गेल्या वर्षी साडेसात. कारण साधं होतं. कवायत अकरा वाजता आहे हे सगळ्यांना आधीच माहीत असायचं, त्यामुळे लोक चहा संपवून, केस विंचरून, आपापल्या ड्रॉवरना कुलपं लावून, गप्पा मारत बाहेर यायचे. एका वेल्डरने फोटो काढतात म्हणून घरून वेगळा शर्ट आणला होता. मॅनेजरसाहेबांनी या वर्षी थांबासाहेबांना बोलावून शांतपणे सांगितलं होतं, "यंदा पाचच्या वर गेलात, तर दुसऱ्या दिवशीपासून तुम्ही भांडारात."

भांडार म्हणजे कारखान्यामागची एक लांबलचक, कोंदट खोली. खिळे, बिजागऱ्या आणि कड्या-कोयंड्यांची खोकी छतापर्यंत, आणि त्या खोक्यांवर वर्षानुवर्षांची जाळी. तिथला कारकून काही कोळ्यांना चेहऱ्याने ओळखतो अशी वदंता होती. थांबासाहेब त्या खोलीत तपासणीसाठी एकदाच गेले होते आणि अर्ध्या मिनिटात 'सर्व ठीक' असा शेरा लिहून बाहेर आले होते. नोकरीची उरलेली अकरा वर्षं तिथे काढायची या विचाराने गेला महिनाभर त्यांना धड झोप लागली नव्हती.

त्यांनी पाय सावकाश मागे घेतला, खुर्चीवर चढले आणि बायकोला फोन लावला.

"अगं, ऐक. माझ्या बुटात कोळी शिरलाय."

"मग बूट उलटा धरून आपटा."

"धरायचा कशाने?"

"हाताने."

थांबासाहेबांनी मोकळा हात खिशात घातला.

"बरं, चपला घालून जा मग," बायको म्हणाली.

"चपला घालून कारखान्यात सोडत नाहीत."

"कोण सोडत नाही?"

"मीच. माझाच नियम आहे."

"दुसरा जोड असेल ना कुठे."

"आहे. माझ्या लॉकरमध्ये. फाटकाच्या आत."

बायकोने एक मोठा श्वास घेतला. "हे बघा, इथे सगळे माझ्याकडे बघतायत. आईंना सांगा," असं म्हणून तिने फोन ठेवला.

आईंना सांगायची गरज नव्हती. त्या दारात येऊन केव्हापासून ऐकत होत्या. आठवड्यापूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यांवर काळा चष्मा होता. पण कान तल्लख होते.

"आण इकडे, मी झटकते," त्या म्हणाल्या.

"तुला वाकायचं नाहीये, आई."

"एवढंसं वाकल्याने काय होतंय?"

थांबासाहेबांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे त्यांच्याच अक्षरात 'ऑपरेशननंतर घ्यावयाची काळजी' असा कागद लावलेला होता. डॉक्टरांनी चार गोष्टी सांगितल्या होत्या, थांबासाहेबांनी त्यांची एकवीस कलमं केली होती. पहिलंच कलम वाकू नये असं होतं.

"मग टेबलावर ठेव. उभ्यानेच झटकते."

"हिसका बसेल असं काही करायचं नाही. कलम तीन."

"तुझ्या वडिलांनी काठीवर साप उचलून बाहेर टाकला होता."

"कलम नऊ, आई. जुन्या गोष्टी काढून रक्तदाब वाढवू नये."

आईंनी कपाळावर हात मारला. तेही कलम अकरामध्ये बसत होतं, पण थांबासाहेबांनी या वेळी दुर्लक्ष केलं. त्यांनी जळमटं काढायचा लांब दांड्याचा झाडू आणला आणि खुर्चीवरून त्याचं टोक बुटात घातलं. असं ढोसलं की कोळी बाहेर येईल हा त्यांचा कयास. कोळ्याच्या जागी कुणीही असता तरी जे करेल तेच कोळ्याने केलं. तो आणखी आत, पार बोटांपाशी जाऊन बसला.

"हातोडा आण आणि हाण वरून," आई म्हणाल्या. त्यांना आता चेव आला होता.

"उपयोग नाही. पुढे बोटांवर पोलादी टोपी असते. कमरेच्या उंचीवरून वीस किलोचं वजन पडलं तरी आत काही होत नाही." हे सांगताना थांबासाहेबांच्या आवाजात नकळत अभिमान आला.

"म्हणजे तुझ्या कारखान्यात कुणी नसेल एवढा तो सुरक्षित आहे म्हण की."

साडेआठ वाजले. बूट घरी ठेवून जाणं शक्य नव्हतं, कारण पाठ फिरताच आई वाकणार हे नक्की होतं. तेव्हा थांबासाहेबांना फाटकावरचा पहारेकरी आठवला. निवृत्त फौजी, मिशा अशा की त्यांच्याकडे बघून ट्रकवाले आपणहून कागद काढायचे. तो बूट झटकून देईल, आणि कुणाला सांगणारही नाही. हा मार्ग सुचताच त्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी सांडशीने बुटाची लेस धरून बूट एका जाड पिशवीत सोडला. पिशवीचं तोंड काळ्या-पिवळ्या चिकटपट्टीने बंद केलं, मग खात्रीसाठी आणखी दहा वेढे दिले. आणि हात सवयीने खणात गेला, तिथून एक लाल स्टिकर निघाला आणि पिशवीवर बसलासुद्धा. त्यावर लिहिलं होतं, 'धोका. उघडू नये. जवळ जाऊ नये.' पंचवीस वर्षांची सवय ती, विचारून थोडीच वागते.

डोक्यावर हेल्मेट, उजव्या पायात बूट, डाव्या पायात चप्पल आणि स्कूटरच्या हुकाला पिशवी, अशा थाटात थांबासाहेब निघाले. दर सिग्नलला ते पिशवीकडे बघत आणि गुडघे आणखी बाजूला घेत.

पावणेदहाला ते फाटकाशी पोचले तेव्हा पहारेकरी पत्र्याने भरलेल्या एका ट्रकच्या मागे उभा राहून मोजदाद करत होता. थांबासाहेबांनी पिशवी त्याच्या चौकीबाहेरच्या बाकावर ठेवली, "आलोच" असं ओरडले आणि स्कूटर लावायला गेले. ट्रकच्या घरघरीत ते 'आलोच' कुणाच्याही कानावर पडलं नाही. स्कूटर लावायचा थांबासाहेबांचा एक नियम होता. तोंड बाहेरच्या दिशेला, दोन गाड्यांत हातभर अंतर, किल्ली उजव्या खिशात. या सगळ्याला तीन मिनिटं लागायची, आणि ती तीन मिनिटं महागात पडली.

ट्रक आत सोडून पहारेकरी वळला तर बाकावर पिशवी. बेवारस. अकरा वेढे चिकटपट्टी आणि वर लाल स्टिकर. त्याने कान जरा पुढे नेला. आतून खुसखुस ऐकू आली.

आता दुसरा कुणी असता तर त्याने इकडेतिकडे विचारलं असतं. पण या पहारेकऱ्याला थांबासाहेबांनी स्वतः तयार केलं होतं आणि त्याला सुरक्षा पुस्तिका पहिल्या पानापासून पाठ होती. नियम सतरा: बेवारस वस्तू दिसल्यास हात लावू नये, वाट पाहू नये, चौकशी करत बसू नये, भोंगा वाजवावा. त्याने हात लावला नाही, वाट पाहिली नाही, चौकशी केली नाही. भोंगा मात्र सगळी ताकद लावून वाजवला.

कवायत अकराला होती. पावणेदहाला वाजलेला भोंगा म्हणजे खरा भोंगा, एवढं कळायला कुणाला पुस्तिकेची गरज नव्हती. पत्रा कापणाऱ्यांनी यंत्रं बंद केली आणि पळाले. रंगखान्यातले लोक तोंडावरचे मास्कही न काढता पळाले. कार्यालयातल्या ज्या मंडळींनी गेल्या वर्षी सात ड्रॉवरना सात कुलपं लावली होती, त्यांनी या वेळी हातातली पेनंसुद्धा टेबलावर ठेवली नाहीत. वेल्डर होता त्याच शर्टात बाहेर आला. पण कुणी कुणाला ढकललं नाही. दोन रांगा, उजव्या हाताला कठडा, म्हाताऱ्यांना पुढे, हे सगळं थांबासाहेबांनी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं आणि लोकांनी ते ऐकून सोडून दिलंय असा त्यांचा समज होता. ते कुठेतरी मुरलं होतं म्हणायचं.

स्वतः थांबासाहेब भोंगा ऐकताच मैदानाकडे धावले, एक पाय टपटप आणि एक पाय फटफट. रंगखाना पेटला असंच त्यांना वाटलं. त्या क्षणी ते कोळी, चप्पल, भांडार सगळं विसरले. शिट्टी तोंडात धरून त्यांनी रांगा लावल्या, विभागवार माणसं मोजली, एक जण कमी भरला तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मोजली, आणि तो एक जण म्हणजे भोंग्यापाशी उभा असलेला पहारेकरी आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनी शिट्टी तोंडातून काढली. सगळे जण सुखरूप होते.

"तीन मिनिटं अकरा सेकंद," मागून आवाज आला.

फाटकाच्या बाजूला एक उंच, किडकिडीत बाई हातात घड्याळ आणि पुठ्ठ्याला लावलेला फॉर्म घेऊन उभ्या होत्या. त्या परीक्षक होत्या आणि सवयीप्रमाणे तासभर लवकर आल्या होत्या.

"नऊ वर्षं मी हे काम करतेय," त्या म्हणाल्या. "अकराची वेळ जाहीर करून पावणेदहाला भोंगा वाजवणारा अधिकारी आज पहिल्यांदा पाहिला."

मॅनेजरसाहेब लगबगीने पुढे आले आणि थांबासाहेबांच्या कानाशी लागले. "काय डोकं लढवलंत हो. मला तरी सांगायचं."

थांबासाहेबांनी वळून रंगखान्याकडे पाहिलं, तर धूर कुठेच नव्हता. मग पहारेकरी आला, त्याने खाडकन टाचा जुळवल्या आणि मोठ्याने सांगितलं, "साहेब, बाकावर बेवारस पिशवी. आत हालचाल आहे. नियम सतराप्रमाणे भोंगा वाजवला." त्याने बोट दाखवलं तिकडे थांबासाहेबांनी पाहिलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

गप्प राहिलं तर ते तरले होते. परीक्षक बाई खूश, मॅनेजरसाहेब खूश, भांडार टळलं. पण बाईंनी फॉर्मवर पेन टेकवलं आणि विचारलं, "धोक्याचं स्वरूप काय लिहू? पिशवीत काय ठेवलंय तुम्ही?"

"बूट," थांबासाहेब म्हणाले.

"आणि हालचाल?"

"बुटात कोळी आहे."

"छान कल्पना आहे. मग उघडा. धोका दूर झाल्याशिवाय कवायत पुरी होत नाही."

"मी उघडतो, साहेब," पहारेकरी पुढे आला.

"जबाबदार अधिकाऱ्यानेच," बाई म्हणाल्या. "तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय, नियम अठरा."

साडेतीनशे माणसं बघत होती. थांबासाहेबांनी बाकापर्यंतची वीस पावलं चालून काढली. चिकटपट्टीचे अकरा वेढे सोडवताना त्यांना स्वतःचाच राग आला. सांडशी घरी होती. झाडू घरी होता. बायको परगावी होती. भीती तेवढी सगळीच्या सगळी सोबत होती. त्यांनी डोळे मिटले, पिशवीत हात घातला, बूट टाचेकडून धरला, आणि दोन्ही हातांनी उलटा करून बाकावर आपटला. काही झालं नाही. दुसऱ्यांदा आपटला. तिसऱ्या वेळी काहीतरी मऊसर जमिनीवर पडलं.

रात्रभराची झोप झाल्यासारखा कोळी आरामात पाय पसरत होता. समोरची पूर्ण रांग तीन पावलं मागे गेली. मिशीवाला पहारेकरी, ज्याच्या धाडसावर सकाळपासून सगळी भिस्त होती, "बाप रे" म्हणून चौकीत शिरला आणि त्याने दार लावून घेतलं. कोळी निघाला तो सरळ परीक्षक बाईंच्या दिशेने. बाईंनी फॉर्मचा पुठ्ठा टाकला आणि त्या बाकावर चढल्या. कोळी पुठ्ठ्यावर चढला, मधोमध जाऊन बसला.

थांबासाहेबांची नजर सवयीने खुर्ची शोधायला लागली. पण बाकावर एक बाई उभ्या होत्या, मैदानात साडेतीनशे माणसं होती, आणि त्या सगळ्यांची जबाबदारी कुणाची हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, एक पाऊल पुढे टाकलं, आणखी एक टाकलं, आणि खाली वाकून ते कोळ्यावर पालथं घातलं. मग एका हाताने हेल्मेट दाबून धरत दुसऱ्या हाताने त्यांनी पुठ्ठा उचलला आणि मैदानापलीकडच्या झुडपांकडे चालायला लागले. हातातलं हेल्मेट टकटक वाजत होतं. सगळ्यांना वाटलं आत कोळी धडका देतोय. खरं तर हात थरथरत होते. झुडपांपाशी पोचल्यावर त्यांनी हेल्मेट उचललं, कोळी पानांत दिसेनासा झाला, आणि थांबासाहेब तिथेच, एका पायात चप्पल असलेले, पोरासारखे हसायला लागले.

मागे टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेपर्यंत ते परत आले होते.

"बाई," ते म्हणाले, "ही कवायत नव्हती. हा कोळी घरी माझ्या बुटात शिरला. मला कोळ्याची फार भीती वाटते, म्हणून मी बूट बांधून इथे घेऊन आलो. भोंगा वाजणार याची मला कल्पना नव्हती."

मॅनेजरसाहेबांनी डोळे मिटून घेतले. परीक्षक बाई बाकावरून उतरल्या, पुठ्ठा घेतला, आधी मागूनपुढून तपासला, आणि लिहायला लागल्या.

"या फॉर्मवर एक प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "कवायतीची कर्मचाऱ्यांना पूर्वकल्पना होती का? सगळे 'नाही' लिहितात, आणि सगळीकडे मला आधीच चहाची वेळ ठरवून दिलेली असते. इथे तर अधिकाऱ्यालाही कल्पना नव्हती. याहून खरी परीक्षा ती कोणती? उत्तीर्ण." त्यांनी सही ठोकली. "आणि धोक्याचं स्वरूप 'कोळी, मोठा' असं लिहितेय. मी स्वतः पाहिलाय."

कामगारांनी थांबासाहेबांना अक्षरशः उचलून आत नेलं असतं, पण खांद्यावर माणूस घेऊन फाटकातून जाणं नियमात बसत नव्हतं. तेव्हा पहारेकऱ्याने चौकीतून बाहेर येऊन, जरा खाली बघत, त्यांचा बूट स्वतःच्या रुमालाने पुसून दिला. थांबासाहेबांनी तो चारदा झटकला आणि घातला. दुपारी बायकोचा फोन आला तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ते खातं आता तुमच्याकडे," आणि तिच्या आवाजात थोडी हुरहुर होती.

संध्याकाळी सुटायच्या सुमारास मॅनेजरसाहेब थांबासाहेबांच्या टेबलाशी आले. भांडाराचा विषय आता संपला, असं त्यांनी सांगितलं. अभिनंदन केलं. पुन्हा एकदा केलं. तरी जायची चिन्हं दिसेनात. सोमवारपासून साहेब केबिनमध्ये न बसता दिवसभर यंत्रांमधून फिरत होते, जेवायलाही कामगारांत बसत होते, आणि असा साधा माणूस मिळायला भाग्य लागतं असं कारखाना बोलत होता.

"एक विचारायचं होतं," मॅनेजरसाहेब अखेर हळूच म्हणाले. "तुमचं ते हेल्मेट मोकळं आहे का?"

"का हो, साहेब?"

"माझ्या केबिनमध्ये. खिडकीच्या पडद्यामागे. सोमवारी सकाळी दिसला." त्यांनी हाताने आकार दाखवला. तो बशीपेक्षा बराच मोठा होता.

थांबासाहेबांच्या छातीत सकाळइतकंच धडधडायला लागलं, जराही कमी नाही. त्यांनी हेल्मेट उचललं, एक जाड पुठ्ठा शोधला आणि साहेबांच्या पुढे चालायला लागले. वरच्या मजल्यावर पोचून केबिनच्या दाराला हात घालता घालता ते म्हणाले, "साहेब, मी दार उघडायच्या आत तुम्ही सुरक्षित अंतरावर उभे राहा."

"राहिलोय," मॅनेजरसाहेबांचा आवाज आला, तो खालून, फाटकाजवळून.